चार रूपांचा एक जीव : न चावणाऱ्या मिज कीटकांच्या वर्गीकरणाची प्रस्तावना

पावसाळा सरत आला की जबलपुरात हनुमानताल, आधारताल, गुलौआताल यांच्या काठी आणि नर्मदेच्या ग्वारीघाटावर संध्याकाळी डासांसारख्या कीटकांचे थवे दिसू लागतात. सकाळी हेच कीटक राइट टाउनमधल्या घरांच्या भिंतींवर, दिव्याजवळच्या जाळीवर बसलेले आढळतात. बहुतेक घरांत त्यांना डास समजून फवारा मारला जातो. पण ते डास नाहीत. त्यांना रक्त शोषणारी सोंड नाही, त्यांच्यामुळे मलेरिया किंवा डेंग्यू होत नाही आणि पंख फुटल्यावर त्यांचे आयुष्य थोड्या दिवसांचेच उरते. कीटकशास्त्रात त्यांच्या कुलाला कायरोनोमिडी म्हणतात. अभ्यासकांच्या बोलण्यात त्यांच्यासाठी 'मिज' हा शब्द रुळला आहे, म्हणून या पुस्तकातही तोच ठेवला आहे.

मिज हे डास आणि घरमाशी यांच्याच, म्हणजे द्विपंखी गणातले. जगभरात त्यांच्या सहा हजारांहून अधिक जातींची वर्णने झाली आहेत आणि वर्णन न झालेल्या जातीही हजारोंनी असाव्यात, असे जाणकार मानतात. गोड्या पाण्याचा जवळपास कोणताही नमुना घ्या, त्यातल्या कीटकांत जातींच्या संख्येने हे कुल बहुतेक वेळा पहिले असते. त्यांनी काबीज केलेल्या जागा पाहिल्या की मन थक्क होते. अंटार्क्टिकाच्या भूमीवर बेल्जिका अंटार्क्टिका हा पंखहीन मिज राहतो. नेपाळमधल्या याला हिमनदीवर उणे १६ अंश सेल्सियसलाही हालचाल करणारा मिज जपानी संशोधक कोशिमा यांना आढळला आणि १९८४ साली त्यांनी ती नोंद प्रसिद्ध केली. आफ्रिकेतल्या खडकांवरच्या डबक्यांत पॉलिपेडिलम वांडरप्लँकीची अळी पूर्ण वाळते, वर्षानुवर्षे तशीच पडून राहते आणि पाऊस पडला की पुन्हा चालू लागते. याच कुलाचे भाईबंद आपल्या शिंगाड्याच्या तलावात, धानाच्या बांधीत, गावाच्या नाल्यात आणि उन्हाळ्यातल्या कूलरच्या टाकीतही सापडतात.

मिज ओळखण्याची पहिली पायरी डोळ्यांनीच चढता येते. डासाच्या पंखांवर खवले असतात, मिजाच्या नसतात. डासाला लांब सोंड असते, मिजाला नसते. मिज बसताना पुढचे पाय वर उचलून धरतो. आपल्या घरातले बरेचसे डास मागचे पाय उचलतात. नर मिजाच्या मिशा पिसासारख्या दाट असतात. दुसरा घोटाळा चावऱ्या मिजांशी होतो. क्युलिकॉइडिस हा त्यांपैकीच एक. मेंढ्यांचा ब्लूटंग रोग तो पसरवतो. चावऱ्या मिजांच्या पंखातली मधली शीर दुभंगते, न चावणाऱ्यांची एकसंध राहते. चावरे मिज पंख पाठीवर एकावर एक ठेवून बसतात. शिवाय न चावणाऱ्या मिजाच्या छातीच्या मागच्या भागावर उभी खाच असते. दिवाळीत दिव्यावर येणारे हिरवे तुडतुडे धानाच्या शेतातून येतात आणि त्यांचा गणच निराळा आहे.

एवढ्याने कुल कळते. प्रजाती आणि जाती ओळखायला बसले की काम अवघड होते, कारण हा जीव आपल्याला चार रूपांत भेटतो. पहिले रूप पाण्याच्या तळातली अळी. तिचे डोके कडक कवचाचे असते. त्या कवचाच्या खालच्या कडेवरच्या दातेरी पट्टीला मेंटम म्हणतात आणि अळीची ओळख मुख्यतः त्यावर ठरते. दुसरे रूप कोश. त्यातून कीटक उडून गेला की कोशाची रिकामी कात पाण्यावर तरंगत राहते. तिसरे रूप पंख फुटलेला प्रौढ; त्यातही नर हवा, कारण जातीची ओळख बहुधा त्याच्या जननांगाच्या रचनेवर ठरते. चौथे रूप उघड्या डोळ्यांना दिसत नाही. ते अळीच्या लाळग्रंथीतल्या महाकाय गुणसूत्रांत आणि डीएनएच्या क्रमात असते. या शास्त्राचा अडीचशे वर्षांचा इतिहास म्हणजे ही चार रूपे आधी वेगवेगळी वाचण्याचा आणि मग एकाच जिवाच्या नावाखाली जोडण्याचा इतिहास आहे. हे जोडकाम जिथे झाले तिथे मिज पाण्याबद्दल बोलू लागला. जिथे राहिले तिथे त्याची नावे यादीत आहेत, पण उपयोगात नाहीत. आपल्या देशात ते बरेचसे राहिले आहे. या पुस्तकाचा जन्म त्या जाणिवेतून झाला.

सुरुवात प्रौढ कीटकांपासून झाली. लिनियस यांनी १७५८ साली टिपुला प्लुमोसा नावाने नोंदवलेला कीटक आज कायरोनोमस प्लुमोसस या नावाने ओळखला जातो. कायरोनोमस ही प्रजाती जर्मन अभ्यासक मायगेन यांनी १८०३ साली मांडली. त्याआधी १८०० साली त्यांनीच एका छोट्या पुस्तिकेत निराळी नावे सुचवली होती. त्या पुस्तिकेमुळे पुढे बराच काळ वाद चालला. अमेरिका आणि सोव्हिएत संघातले अनेक लेखक टेंडिपिस आणि टेंडिपिडिडी ही नावे वापरत, पश्चिम युरोपातले कायरोनोमस आणि कायरोनोमिडी. अखेर प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने १९६३ साली १८०० ची ती नावे रद्द ठरवली. म्हणून जुने ग्रंथ उघडणाऱ्याला दोन्ही नावे माहीत हवीत. १९१७ सालापर्यंत चावरे मिजही अनेकदा याच कुलात धरले जात. त्या वर्षी मॅलक यांनी त्यांचे कुल वेगळे केले.

भारताचे नाव या इतिहासात विसाव्या शतकाच्या आरंभी येते. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये नेल्सन अ‍ॅनंडेल यांच्या देखरेखीखाली देशभरातून कीटक जमत होते. त्यांतले मिज लोरेन प्रांतातल्या बिच गावी शिकवणाऱ्या जाँ-जाक कीफेर या कॅथलिक धर्मगुरूंकडे गेले. कीफेर यांनी १९१० पासूनच्या काही वर्षांत भारतीय मिजांच्या कित्येक जातींची वर्णने प्रसिद्ध केली. कायरोनोमस स्ट्रायटिपेनिस ही त्यांची १९१० ची जाती आजही भारतीय प्रयोगशाळांत अभ्यासली जाते. किफेरुलस ही प्रजाती त्यांच्याच स्मरणार्थ आहे आणि तिच्या जाती आपल्या तळ्यांत आढळतात. कीफेर यांचा उरक अफाट होता, पण त्यांची वर्णने त्रोटक असत आणि अनेक मूळ नमुने पुढच्या अभ्यासकांना मिळालेच नाहीत. त्यामुळे त्यांनी ठेवलेले एखादे नाव नेमके कोणत्या कीटकाचे, हा प्रश्न भारतीय मिजांच्या अभ्यासात अजून पुन्हा पुन्हा उभा राहतो. इंग्लंडमध्ये १९२९ साली एफ. डब्ल्यू. एडवर्ड्स यांनी ब्रिटिश मिजांची जी मांडणी केली ती प्रौढांवर आधारलेल्या परंपरेचा सर्वांत भक्कम आधार ठरली. पंखांच्या शिरा, पायांची प्रमाणे, नराचे जननांग यांचा पद्धतशीर वापर त्यांनी दाखवून दिला.

याच सुमारास जर्मनीत दुसरी परंपरा वाढत होती आणि तिने पाण्याच्या तळाकडून पाहायला सुरुवात केली. प्लोन येथील जलजीवशास्त्रीय संस्थेचे आउगुस्ट थीनेमान यांनी अळ्या वाढवल्या, कोशांच्या काती जपल्या आणि निपजलेले प्रौढ कीफेर यांच्यासारख्या तज्ज्ञांकडे नावासाठी पाठवले. तलावांकडे पाहण्याची त्यांची रीत पुढे जगभर गेली. ज्या खोल तलावांच्या तळाशी प्राणवायू टिकून राहतो तिथे टॅनिटार्ससच्या गटातल्या अळ्या राहतात. जिथे सेंद्रिय गाळ कुजून प्राणवायू संपतो तिथे कायरोनोमसच्या लाल अळ्या उरतात. हा लाल रंग हिमोग्लोबिनचा. प्राणवायू फार कमी असलेल्या गाळात तग धरायला तो मदत करतो. माशांची पिले पोसणारे लोक या अळ्यांना ब्लडवर्म म्हणतात. तळ पाहून तलावाची प्रकृती सांगता येते, हा विचार असा मिजांच्या आधाराने रुजला. १९२८-२९ साली थीनेमान सहकाऱ्यांसह जावा, सुमात्रा आणि बालीला गेले. उष्ण प्रदेशातल्या मिजांच्या अळ्या आणि कोश त्या मोहिमेनंतर प्रथमच मोठ्या प्रमाणावर वर्णिले गेले. आयुष्यभराचे काम त्यांनी १९५४ साली 'कायरोनोमस' या ग्रंथात मांडले.

दोन्ही परंपरा मोठ्या होत्या, पण बराच काळ एकमेकींना समांतर चालल्या. एकाच माणसाचे रेशनकार्डावर एक नाव आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरे असावे, तशी एकाच प्रजातीची दोन नावे झाली : एक प्रौढावरून, एक अळीवरून. ही गाठ सोडवायला एकच मार्ग होता. एकच अळी वेगळ्या कुपीत वाढवायची. तिने टाकलेली अळीची कात, कोशाची कात आणि त्यातून निघालेला प्रौढ अशी तिन्ही एकाच चिठ्ठीखाली जपायची. स्वीडनचे लार्स ब्रुंडिन, जर्मनीचे ई. जे. फिटकाऊ, नॉर्वेतले ओले सेथर यांच्या पिढीने हे जोडकाम शिस्तीने केले. फिटकाऊ यांचा टॅनिपोडिनी उपकुलावरचा ग्रंथ १९६२ चा. ब्रुंडिन यांनी १९६६ साली दक्षिण गोलार्धातल्या मिजांच्या नातेसंबंधांवरून हे दाखवले की दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्या थंड ओढ्यांतले मिज गोंडवना महाखंड तुटल्याची साक्ष देतात. ज्या गोंड प्रदेशावरून त्या महाखंडाला नाव मिळाले त्याच प्रदेशात गढ्याचे राज्य होते आणि आजचे जबलपूर आहे, हे आपल्या वाचकांनी ध्यानात ठेवावे. सेथर यांनी १९८० साली शरीरभागांच्या संज्ञांचा कोश करून तिन्ही अवस्थांना एक भाषा दिली. मग विडरहोल्म यांच्या संपादनाखाली उत्तर गोलार्धातल्या प्रजातींच्या ओळख-किल्ल्यांचे तीन खंड आले : १९८३ मध्ये अळ्यांचा, १९८६ मध्ये कोशांचा, १९८९ मध्ये नरांचा. एकाच प्रजातीला तिन्ही खंडांत एकच नाव मिळाले. आर्मिटेज, क्रॅन्स्टन आणि पिंडर यांनी १९९५ साली संपादित केलेला ग्रंथ या कुलाच्या जीवनशास्त्राचे प्रमाण पुस्तक ठरला.

आज हे कुल अकरा उपकुलांत विभागले जाते. आपल्या नद्या-तलावांत वाचकाला प्रामुख्याने तीन भेटतील. टॅनिपोडिनीच्या अळ्या बहुतांशी शिकारी असतात, मिशा डोक्यात आत ओढून घेतात आणि त्यांचे कोश डासांच्या कोशांसारखे चपळ पोहतात. ऑर्थोक्लाडिनीच्या जाती थंड आणि वाहत्या पाण्यात अधिक. कायरोनोमिनी हे उष्ण प्रदेशातले सर्वांत भरभराटीचे उपकुल आहे. त्याच्या अळ्यांच्या डोक्यावर सहसा दोन डोळ्यांचे ठिपके एकावर एक असतात आणि मेंटमच्या दोन्ही बाजूंना रेघांनी भरलेल्या पंख्यासारख्या पट्ट्या असतात. टॅनिटार्ससचा गट याच उपकुलात येतो. त्याच्या अळ्यांच्या मिशा उंच बैठकीवर उभ्या असतात. प्रौढांमध्ये टॅनिपोडिनीच्या पंखात एक विशिष्ट आडवी शीर दिसते, जी ऑर्थोक्लाडिनी आणि कायरोनोमिनीत नसते. या दोघांतला फरक नराच्या जननांगाच्या टोकाच्या भागावरून कळतो : ऑर्थोक्लाडिनीत तो बिजागरीवर आत वळतो, कायरोनोमिनीत मागे ताठ राहतो. डायमेसिनीचा मुक्काम हिमालयातल्या हिमजलाच्या ओढ्यांत. बाकीची उपकुले लहान आहेत; काहींच्या जाती समुद्रकिनारी, तर काहींच्या फक्त दूरच्या खंडांवर मिळतात.

ज्या जाती बाहेरून हुबेहूब सारख्या दिसतात तिथे चौथे रूप कामी येते. बाल्बियानी यांनी १८८१ साली कायरोनोमसच्या लाळग्रंथीत जाड, आडव्या पट्ट्यांची गुणसूत्रे पाहिली. त्यांचा अर्थ कळायला अर्धशतक गेले. १९५२ साली वोल्फगांग बेअरमान यांनी दाखवले की गुणसूत्रावर ठरावीक जागी येणारे फुगवटे वेगवेगळ्या पेशींत वेगवेगळे असतात, म्हणजे ती जनुकांच्या कामाची खूण आहे. हा आधुनिक जीवशास्त्राचा एक पायाभूत शोध मिजाच्या अळीत लागला. १९६२ साली कायल यांनी पट्ट्यांचा क्रम जुळवून कायरोनोमसच्या जातींची नाती मांडली. ज्या अळ्या मेंटमवरून वेगळ्या सांगता येत नव्हत्या त्या गुणसूत्रांवरून वेगळ्या निघाल्या. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत डीएनए बारकोडने या कामाला वेग दिला. अळी, कात आणि प्रौढ यांचा डीएनए जुळला की ते एकाच जातीचे, हे आता वाढवण्याची वाट न पाहता सांगता येते. पण बारकोडला अर्थ तेव्हाच येतो, जेव्हा ज्याच्याशी तो जुळवायचा त्या नमुन्याचे नाव जाणकाराने तपासलेले असते. यंत्राने दिलेला क्रम नावाची जागा घेऊ शकत नाही.

भारतात हे शास्त्र विशेषतः दोन ठिकाणी वाढले. पश्चिम बंगालमधल्या बर्धमान विद्यापीठात पी. के. चौधुरी आणि त्यांच्या शिष्यांनी भारतीय मिजांच्या अनेक जाती वर्णिल्या, कित्येकांच्या अळ्या आणि कोशही जोडले. चौधुरी, हाजरा आणि आल्फ्रेड यांची पौर्वात्य प्रदेशातल्या मिजांची यादी २००१ साली आली. दुसरे ठिकाण पुणे. पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात बी. बी. नाथ आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कायरोनोमस रामोसस ही जाती प्रयोगशाळेत पिढ्यान् पिढ्या वाढवून अभ्यासली. तिचे वर्णन चौधुरी, दास आणि सब्लेट यांनी १९९२ साली केले होते. तिच्या अळ्या गॅमा किरणांचा मोठा मारा सोसतात, हे पुण्याच्या या गटाने २००९ साली मांडले. वर्गीकरणाने एक नाव नक्की केले म्हणून शरीरक्रियेचा अभ्यास उभा राहिला. नाव डळमळीत असते तर पुण्यातला निष्कर्ष दुसऱ्या कोणत्या अळीला लागू होतो, हे कोणालाच सांगता आले नसते.

आता हे सगळे आजच कशासाठी, याचे उत्तर. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने नद्यांची प्रकृती प्राण्यांवरून जोखण्याची जी पद्धत स्वीकारली ती ब्रिटनमधल्या गुणांकनावर आधारलेली आहे. त्या मूळ गुणांकनात स्वच्छ पाण्यातल्या कुलांना दहापर्यंत गुण मिळतात आणि संपूर्ण कायरोनोमिडी कुलाला दोन. म्हणजे थंड, निर्मळ ओढ्यात राहणारा ऑर्थोक्लाडिनीचा मिज आणि सांडपाण्यात लाल झालेली कायरोनोमसची अळी दोघेही दोन गुणांचेच. जबलपूरच्या ओमती नाल्यात आणि सातपुड्यातल्या एखाद्या स्वच्छ झऱ्यात मिज आहेत, म्हणून दोघांना या कुलापुरता सारखाच शेरा मिळतो. प्रजातीपर्यंत ओळख पोहोचली की ही चूक दूर होते आणि हेच कुल नदीचा सर्वांत बारीक तपशील सांगणारे ठरते.

अळीच्या मेंटमचे दात जड धातू आणि कीटकनाशकांच्या संपर्कात वेडेवाकडे होतात, म्हणून गाळातले विष शोधण्यासाठी ते पाहतात. गाळाच्या विषारीपणाच्या आंतरराष्ट्रीय चाचण्यांत २००४ पासून कायरोनोमसच्या अळ्या प्रमाण प्राणी म्हणून वापरल्या जातात. अळीच्या डोक्याचे कवच गाळात हजारो वर्षे टिकते, त्यामुळे तळ्याच्या थरांतून एकेकाळचे तापमान काढता येते. १९९० साली पूर्ण झालेल्या बरगी धरणाच्या गाळात एव्हाना तीन दशकांहून जास्त काळाची नोंद साठली आहे. ती वाचायला कोणत्या प्रजातीचे कवच कोणते, हे कळले पाहिजे.

आरोग्याची बाजूही आहे. इस्रायलच्या ब्रोझा आणि हाल्पर्न यांनी २००१ साली दाखवले की पटकीचे जिवाणू मिजांच्या अंड्यांच्या चिकट पुंजक्यांवर वाढतात. सुदानमध्ये नाईलकाठच्या क्लॅडोटॅनिटार्सस लेविसीच्या थव्यांमुळे लोकांना दम्याचा त्रास झाला. मिजांचे हिमोग्लोबिन हे एक जोरदार अ‍ॅलर्जीकारक आहे आणि वाळवलेल्या ब्लडवर्मची भुकटी हाताळणाऱ्यांना त्याचा त्रास होतो. म्हणजे 'चावत नाही' याचा अर्थ 'दखल घेऊ नये' असा होत नाही. दुसरीकडे, निष्कारण भीतीही घालवायला हवी. कूलरमध्ये किंवा गच्चीवरच्या टाकीत लाल अळ्या दिसल्या की लोक घाबरतात. त्या रोगवाहक डासाच्या अळ्या नाहीत. टाकी घासून झाकण लावले की पुरते. जबलपुरात १९८४ पासून आदिवासी आरोग्याच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेत मलेरियावर मोठे काम झाले आहे. डासांची ओळख आरोग्य कर्मचाऱ्यांपर्यंत पोहोचली तशी मिजांचीही पोहोचली तर चुकीच्या कीटकावर विषाची फवारणी थांबेल. मिजांची अळी हे माशांच्या पिलांचे महत्त्वाचे अन्न आहे. ती मेली की नुकसान ढीवराच्या जाळ्यात दिसते.

हे पुस्तक मराठीत लिहिण्यामागे भूगोल आहे आणि नातेही. १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते; भोसल्यांच्या काळापासून इथे मराठी घरे आहेत. पाण्याचा हिशेबही तसाच जुळतो. जबलपूरच्या दक्षिणेला सिवनी जिल्ह्यात उगम पावणारी वैनगंगा पुढे गोंदिया-भंडाऱ्यात, माजी मालगुजारी (मामा) तलावांच्या मुलखात जाते. त्या मामा तलावांचा गाळ आणि आमच्या आधारतालाचा गाळ यांत कोणते मिज समान आहेत, हा प्रश्न दोन राज्यांतल्या विद्यार्थ्यांनी मिळून सोडवावा असा आहे. बावन्न तलावांचे गाव म्हणवणाऱ्या या शहरातले काही तलाव बुजून फक्त मोहल्ल्यांच्या नावात उरले. चेरीताल त्यांपैकी एक. उरलेल्यांचे मिज नोंदवणे हे तातडीचे काम आहे.

या पुस्तकाने काय करायचे ठरवले आहे ते स्पष्ट सांगतो. युरोपातल्या किल्ल्या इथे जशाच्या तशा चालत नाहीत. तिथे वर्षाला एक-दोन पिढ्या होतात, आपल्या उबदार पाण्यात एक पिढी काही आठवड्यांत पूर्ण होते. आणि इथल्या कित्येक प्रजाती त्या किल्ल्यांत नाहीतच. म्हणून इथे नर्मदा आणि वैनगंगेच्या खोऱ्यांत मिळणाऱ्या प्रजातींसाठी मराठीत किल्ल्या दिल्या आहेत. प्रत्येक प्रजातीच्या अळीचे मेंटम, कोशाचे शिंग आणि नराचे जननांग शक्यतो एकाच पानावर चितारले आहे. ज्या प्रजातीचे एखादे रूप अजून जोडले गेलेले नाही तिथे चित्राची जागा रिकामी ठेवली आहे. अंदाजाने चित्र भरले असते तर पुढच्या अभ्यासकाची वाट चुकली असती. किल्ल्या मुख्यतः प्रजातीपर्यंतच जातात. जातीचे नाव तिथेच दिले आहे, जिथे नर किंवा गुणसूत्रे त्याला आधार देतात.

पद्धतीवर विशेष भर आहे, कारण या शास्त्रात पद्धत हाच अर्धा पुरावा असतो. गाळ कसा घ्यावा आणि चाळावा. वाऱ्याच्या खालच्या काठाला साचलेल्या फेसातून कोशांच्या काती कशा गोळा कराव्यात. एकटी अळी कुपीत कशी वाढवावी. नमुने अल्कोहोलमध्ये कसे जपावेत. स्लाइडसाठी कॉस्टिक पोटॅशने स्नायू कसे काढून टाकावेत. प्रत्येक चिठ्ठीवर तारीख, जागा आणि पाण्याची स्थिती का लिहावी. हे काम महाविद्यालयाच्या साध्या सूक्ष्मदर्शकावर होण्यासारखे आहे. संज्ञांबाबत धोरण असे की जिथे मराठी शब्द सहज रुळलेला आहे तिथे तो, जिथे नाही तिथे मूळ संज्ञा देवनागरीत. विद्यार्थ्याला पुढे मोठे ग्रंथ वाचायचे आहेत, हे विसरून चालत नाही.

माझी वाचकांकडे एकच मागणी आहे. नुसते नाव लावून थांबू नका, जोडा. अळी सापडली तर तिची कात जपा, कात मिळाली तर तिचा प्रौढ शोधा, प्रौढ नर मिळाला तर तो कोणत्या पाण्यातून आला ते लिहून ठेवा. जोडलेला संच घरी कपाटात ठेवू नका. १९६० पासून जबलपुरात भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे मध्य विभागीय केंद्र आहे, महाराष्ट्रात विद्यापीठांची संग्रहालये आहेत. नमुना तिथे जमा झाला तरच पन्नास वर्षांनंतरचा अभ्यासक त्याची पडताळणी करू शकतो. कीफेर यांच्या अनेक जातींबाबत ही पडताळणी आज शक्य नाही. आपल्या नमुन्यांबाबत ती शक्य राहावी, हे आपल्या हातात आहे. या पुस्तकातल्या रिकाम्या चौकटी पुढच्या आवृत्तीत वाचकांच्या नमुन्यांनी भराव्यात आणि नदी-तलावांच्या सरकारी अहवालांत 'कायरोनोमिडी' या एका ओळीच्या जागी प्रजातींची नावे यावीत, यासाठी हा सगळा खटाटोप आहे.

राइट टाउन, जबलपूर